ऑस्वाल्ड : 'नाही' न म्हणणारा नोकर

शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये मला ऑस्वाल्डचं काम आलंय. लिअर राजाच्या थोरल्या मुलीचा, गॉनरिलचा कारभारी. नाटकातला खलनायक एडमंड, त्याच्यासारखी स्वगतं ऑस्वाल्डच्या वाट्याला नाहीत, त्यामुळे बहुतेक जण त्याला भित्रा चमचा म्हणून उरकतात. लिअरच्या केंट सरदाराने झोडपलं, प्रेक्षक हसले, झालं. मला हे पटत नाही.

मी संहितेत त्याच्या वाक्यांआधी त्याला मिळालेल्या हुकमांखाली रेघा मारल्या. पहिल्या अंकात गॉनरिल स्वतःच बजावते, वडिलांकडे खुशाल दुर्लक्ष करा. पुढच्याच प्रवेशात लिअर विचारतो, मी कोण? ऑस्वाल्ड म्हणतो, 'बाईसाहेबांचे वडील.' संपलं राजेपण!

आमच्या दिग्दर्शकांना इथे छद्मी हसू हवं होतं. आमच्या सांगलीला तशी खलनायकाची सवय जुनी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीतास्वयंवर' केलं, त्या काळच्या नाटकांत राक्षस आरडाओरडा करतच रंगमंचावर यायचे. पण ऑस्वाल्डला आवाज चढवायची गरजच नाही. मार्केट यार्डात हळदीची पट्टी मागायला आलेल्या शेतकऱ्याला पेढीवरचा दिवाणजी वहीतून मान वर न काढता 'शेठ आल्यावर बघू' म्हणतो ना, तसं ते वाक्य मी म्हणतो. सपाट. समोरचा माणूस उभ्या जागी लहान होतो.

या नाटकात नोकर बरेच आहेत. केंट राजाला तोंडावर 'चुकताय' म्हणतो आणि हद्दपार होतो. म्हाताऱ्या ग्लॉस्टर सरदाराचे डोळे काढताना लिअरचा जावई कॉर्नवॉल, त्याचाच एक नोकर, ज्याला साधं नावही नाही, धन्यावरच तलवार उपसतो. आणि ऑस्वाल्ड? तो बाईंना कधीच 'नाही' म्हणत नाही. गॉनरिलची बहीण रीगन गोड बोलून गॉनरिलने एडमंडला लिहिलेलं पत्र उघडायला मागते, तिला तो दाद देत नाही, इमान पक्कं. तोच पुढच्या प्रवेशात बक्षिसासाठी आंधळ्या ग्लॉस्टरवर धावून जातो. माझ्या मते त्याचा नीचपणा त्या इमानातूनच येतो, म्हणून ही भूमिका मला एडमंडपेक्षा जवळची आणि जास्त भीतिदायक वाटते.

ग्लॉस्टरचा मुलगा एडगर, त्याच्या सोट्याने पडल्यावरही तो पैशांची थैली देऊ करतो आणि पत्र एडमंडला पोचवायला सांगतो. नेमकं तेच पत्र पुढे गॉनरिलला गोत्यात आणतं. पडताना माझा हात जखमेवर जाणार नाही, पत्राच्या खिशावर जाईल. दिग्दर्शकांनी हे मान्य केलंय. कण्हायचं किती, यावर मात्र तालमीत अजून वाद चालू आहे.