आमची वाटचाल : चाळीस स्वेटर आणि एक न धुतलेला तुकडा

आमच्याकडे पहिल्यांदा आलेला माणूस कपाट उघडं दिसलं की हसतो. आम्ही हाताने स्वेटर विणून विकतो, पण कपाटात स्वेटर नाहीतच, विणायच्या आधी माप आणि वीण बघायला केलेले नमुन्याचे तुकडे आहेत. तळहाताएवढे, काही दोन तळहातांएवढे. प्रत्येकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली : लोकर कोणती, सुई किती मिलिमीटरची, टाके किती, धुण्याआधी माप किती, धुतल्यावर किती, आणि हात कोणाचा. लोकांना वाटतं मी पहिल्यापासून अशी शिस्तीची. मुळीच नाही. यातला ‘धुतल्यावर’ हा रकाना आम्हाला चाळीस स्वेटरांना पडला. ते पुढे सांगते.

सुरुवात मी आणि थोरल्या जाऊबाईंनी केली. त्यांचा हात सैल, माझा इतका घट्ट की टाका सुईवर सरकायचा नाही, ढकलावा लागायचा. पहिल्याच स्वेटरला वेळ वाचवायचा म्हणून पुढचा भाग मी घेतला, पाठ त्यांनी. दोघींनी ११५ टाके घातले, लोकर एक, सुया ४ मिलिमीटरच्या. शिवायला बसलो तर माझा भाग ५० सेंटिमीटर आणि त्यांचा साडेसत्तावन्न. संध्याकाळभर आम्ही एकमेकींना टाके मोजता येतात का, हेच विचारत होतो. टाके बरोबरच होते. दुसऱ्या दिवशी रागारागात दोघींनी एकेक चौकोन विणला : १० सेंटिमीटरमध्ये माझे २३ टाके, त्यांचे २०. मग त्यांना बारीक सुया दिल्या. पावणेचारच्या सुईवर २१ आले, सव्वातीनच्या सुईवर २३. तेव्हापासून चिठ्ठीवर ‘हात’ हा रकाना आहे. ‘धा.’ म्हणजे मी धाकटी, ‘थो.’ म्हणजे त्या.

सुईचा नंबर लिहायचा नाही, मिलिमीटरच लिहायचे, हेही तेव्हाच ठरलं. जाऊबाईंच्या सुया जुन्या इंग्रजी नंबरांच्या. त्यात नंबर मोठा तितकी सुई बारीक, आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकन नंबर बरोबर उलटे चढतात, तिथला आठ म्हणजे ५ मिलिमीटर. एका नक्षीच्या कागदावर नुसतं ‘आठ नंबर’ होतं आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला. तो तुकडा पुठ्ठ्यासारखा झाला होता. अजून आहे, कपाटाचं दार वाजू नये म्हणून मध्ये घालतो.

खरा नाद लागला तो पुढे. एकच वीण घ्यायची आणि लोकर बदलत जायची. साबुदाण्याची वीण साध्या लोकरीत दाणा न् दाणा दाखवते, मोहेरमध्ये, म्हणजे बकरीच्या केसाळ लोकरीत, केसांखाली गडप होते. आठ टाक्यांची वेणी लोकरीत ताठ उभी राहते, सुतात मलूल पडते, काळ्या रंगात घातलीत तर देव बघेल, माणसाला दिसायची नाही. तीच वेणी दर चौथ्या ओळीला पिळली तर दोरखंड, दर बाराव्या ओळीला पिळली तर संथ नदी. आणि प्रत्येक वेणी रुंदी खाते, हे विसरलात की स्वेटर लहान. कितीतरी विणींची उलटी बाजू सुलट बाजूपेक्षा देखणी असते, हे तुकडा हातात फिरवल्याशिवाय कळत नाही. पूर्ण स्वेटर विणून फिरवायला कोणाला वेळ आहे?

एकदा जाऊबाईंनी ४० ऐवजी ३९ टाके घातले आणि बोलता बोलता दोन सुलट, दोन उलट असं प्रत्येक ओळीला करत गेल्या. दर ओळीच्या शेवटी एकच उलट टाका उरत होता, त्यांनी तो खुशाल उलट विणला. काठासारखे उभे कप्पे यायचे ते आलेच नाहीत. नक्षी एकेक टाका सरकत गेली आणि दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी, दाट, कडा न वळणारी वीण तयार झाली.

“अगं, हे उसवू का?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही सुईला हात लावून बघा फक्त,” मी म्हटलं.

त्या विणीचे मफलर हे आमचं पहिलं नाव झालेलं काम. आपण शोध लावला अशा तोऱ्यात आम्ही बरेच दिवस होतो. नंतर कळलं की चारच्या पटीवर तीन टाके घालून ही वीण जगभर विणतात, आणि तिचं नावच ‘चुकीची वीण’ असं आहे. जाऊबाईंना मी हे पुष्कळ उशिरा सांगितलं.

आता चाळीस स्वेटर. एका संस्थेची ऑर्डर, आमच्या जिवाच्या मानाने प्रचंड. अंग सपाट, म्हणजे एक ओळ सुलट एक ओळ उलट, आणि छातीवर दोन रंगांत पानांची पट्टी. त्या पट्टीसाठी मी अकरा तुकडे विणले. दहा टाक्यांत पान बसवलं तर थेंब दिसायचा. बारा टाक्यांत पान झालं, पण देठ गेला. चौदा टाक्यांत देठासकट पान आलं, तेव्हा मी जाऊबाईंना झोपेतून उठवून दाखवलं. ज्या रंगाची पाळी नसते त्याचा मागून जाणारा धागा पाच टाक्यांपेक्षा लांब सुटू दिला नाही, कारण लांब धाग्यात बोटं अडकतात. दोन रंग विणताना काम आवळतं म्हणून पट्टीपुरती सुई एका मापाने जाड घेतली. इतका सगळा शहाणपणा केला. आणि अकरापैकी एकही तुकडा पाण्यात घातला नाही.

लोकर मशीनमध्ये धुता येणारी होती. तशी ती व्हावी म्हणून लोकरीच्या तंतूवरचे खवले गुळगुळीत करतात. खवले एकमेकांत अडकत नाहीत म्हणून ती नमद्यासारखी घट्ट होत नाही. पण त्याच कारणाने तंतू एकमेकांवरून सरकतात आणि ओल्या वजनाने कापड पसरतं. माझ्या कोरड्या तुकड्यात १० सेंटिमीटरला २२ टाके भरत होते, म्हणून १०० सेंटिमीटर छातीला २२० टाके घातले. धुतल्यावर २२ चे २० झाले. तेच २२० टाके आता ११० सेंटिमीटर. लांबीचं तर विचारूच नका, बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या.

सगळे स्वेटर पोत्यांतून परत आले. सदतीस धुतलेले, तीन न धुतलेले. ते तीन मी मोजपट्टी लावून बघितले. बिनचूक मापात होते. सदतीस बघून मी गप्प होते, त्या तिघांना बघून रडू आलं.

पुढचे चार महिने आम्ही उसवत होतो. आधी शिवण उलगडायची, ती माझ्याच हाताची, म्हणजे दगड. मग उसवलेल्या लोकरीच्या लडी करायच्या, कोमट पाण्यात भिजवायच्या, पिळे जावेत म्हणून खाली वजन अडकवून टांगायच्या. घरात चालायला जागा नव्हती. लोकरवाल्याचे पैसे द्यायचे होते, जाऊबाईंनी आपली ठेव मोडली आणि मला ती मोडून झाल्यावर सांगितलं. २२० ऐवजी २०० टाके घालून आम्ही चाळीसच्या चाळीस पुन्हा विणले. संस्थेला कळवलं. त्यांनी सांगितलं, आम्ही दुसरीकडून घेतले.

दुसरीकडून म्हणजे कोणाकडून, हे त्या स्वेटरवरचं पान बघितल्यावर समजलं. एक बाई आमच्याकडे दोन वर्षं शिकायला होती. हुशार, हात स्वच्छ, तुकड्यांना चिठ्ठ्या बांधायचं काम तिच्याकडेच होतं. तिने पंचकार्डचं, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डावरून नक्षी घेणारं, विणकामाचं यंत्र घेतलं होतं. त्या घरगुती यंत्रांवर नक्षी २४ टाक्यांत पुरी बसावी लागते. दोनाची, तीनाची, चाराची, सहाची, आठाची, बाराची चालते. चौदाने चोवीसला भाग जात नाही. तिच्या पट्टीवर पान होतं आमचंच, बारा टाक्यांचं, आणि देठ नव्हता. माझा सहावा तुकडा होता तो. मी टाकून दिला नव्हता, चिठ्ठी बांधून ठेवला होता, तिनेच बांधली होती.

यंत्राशी माझं वैर नाही. इंग्लंडच्या विल्यम लीने १५८९ मध्ये मोजे विणायचं यंत्र केलं तेव्हापासून ते आहे, आणि कारखाने त्यावरच चालतात. तिथल्या पहिल्या एलिझाबेथ राणीने लीला पेटंट नाकारलं, हाताने विणणाऱ्यांच्या पोटावर पाय येईल म्हणून, असं सांगतात. त्या राणीबद्दल मला अधूनमधून फार आपुलकी वाटते, एवढंच.

ते चाळीस आम्ही सुटे सुटे विकले. नंतरची नऊ वर्षं ठीक गेली.

तर न विचारता सांगते. तुकडा १० सेंटिमीटरचा विणून १० सेंटिमीटर मोजू नका, कडेचे टाके खोटं बोलतात. १५ सेंटिमीटरचा करा आणि मधले १० मोजा. अर्धा टाका सोडून देऊ नका. दर १० सेंटिमीटरला अर्धा टाका म्हणजे १०० सेंटिमीटरला पाच टाके, म्हणजे २२ च्या हिशेबाने सव्वादोन सेंटिमीटर. स्वेटरचे भाग सुटे, दर ओळीला काम उलटवून विणणार असाल तर तुकडाही तसाच विणा, गोल विणणार असाल तर गोल, कारण पुष्कळ जणींची उलट ओळ सुलट ओळीपेक्षा सैल पडते, आणि गोल विणताना ती उलट ओळ लागतच नाही. लाकडी सुईवर तुकडा आणि धातूच्या सुईवर स्वेटर असं तर करूच नका, माप एकच असलं तरी धागा सरकायची चाल बदलते. वस्तू जशी धुतली जाणार तसाच तुकडा धुवा, खालच्या कडेला कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर टांगा. एवढ्याशा तुकड्याला स्वतःचं वजन नसतं, स्वेटरला असतं. आणि उसवू नका. लोकर कमी पडली तरच उसवा, आणि कमी पडली असेल तर हिशेब चुकलाय.

आमचे एक काका आहेत, जुने गिऱ्हाईक. पुन्हा विणलेल्या चाळीसातला पहिला स्वेटर त्यांनी घेतला. सगळी कथा ऐकून घेतली आणि म्हणाले, “तो नवा धुतलेला तुकडाही द्या मला.” मला वाटलं चेष्टा करतात. जाऊबाईंनी देऊन टाकला. काकांनी काय केलं, स्वेटर धुतला की प्रत्येक वेळी तो तुकडाही सोबत धुतला, सोबतच वाळवला. सात वर्षांनी उजवं कोपर विरलं तेव्हा दोन्ही घेऊन आले. दुकानातली त्याच रंगाची लोकर लावली असती तर कोपरावर ठिगळ चमकलं असतं. काकांचा तुकडा स्वेटरइतकाच विटला होता. त्याच्या कडेपासून धागा उसवून जाऊबाईंनी कोपर रफू केलं, टाक्यावर टाका. मी शोधत होते, मला सापडलं नाही.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक विणीचे दोन तुकडे करतो, एक कपाटात, एक गिऱ्हाइकाच्या पिशवीत. निम्मी मंडळी तो चहाच्या कपाखाली ठेवतात हे मला माहीत आहे.

काका परवा परत आले होते, या वेळी मनगटाच्या काठासाठी. त्यांच्या तुकड्यात आता सहा ओळी उरल्यात. डावं कोपर अजून शाबूत आहे.