हॅवलॉकवरचा वाढदिवस: रात्री बाराला नाही, पहाटे पाचला

अंदमानात वाढदिवस करायचा बेत असेल तर रात्री बाराचा केक डोक्यातून काढून टाका. ही बेटं देशाच्या पार पूर्वेला, आणि घड्याळ मात्र मुख्य भूमीचंच. त्यामुळे फेब्रुवारीत सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि साडेपाच वाजायच्या आत बुडतो. सात वाजता रात्र चांगली मुरलेली असते. नऊ-साडेनऊला बाजारातली शटरं खाली येऊ लागतात, आणि बाराची वाट बघत बसलेली मंडळी जांभया देत एकमेकांकडे बघत राहतात. त्याउलट पहाटे साडेचारला कोणी उठवलं तर फारसं जड जात नाही, कारण सगळेच लवकर झोपलेले असतात. आमचा सगळा कार्यक्रम या एका हिशोबावर बेतलेला होता आणि तो जमला.

आधी नावांचं बघू, कारण तिकिटं काढताना गोंधळ होतो. हॅवलॉक बेटाचं अधिकृत नाव २०१८पासून स्वराज द्वीप, शेजारच्या नील बेटाचं शहीद द्वीप, आणि पोर्ट ब्लेअर २०२४पासून श्री विजयपुरम. बोटीच्या तिकिटावर नवं नाव दिसेल, रिक्षावाला जुनं म्हणेल. मीही जुनंच लिहिते आहे.

पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला जायला दोन मार्ग. खाजगी कॅटामरान (जलद बोट) दीडेक तासात पोचवते. एसी, बंद काचा, नेमलेली खुर्ची. समुद्र खवळलेला असेल तर उलटीची पिशवी हातात धरून बसायचं. सरकारी बोटीला अडीच तासांच्या आसपास लागतात, भाडं पुष्कळ कमी, आणि मुख्य म्हणजे डेकवर उभं राहता येतं. तिची तिकिटं मिळणं मात्र कटकटीचं. हंगामात स्थानिकांचीच गर्दी असते आणि ती बोट मुळात त्यांच्यासाठीच आहे. एकट्याने फिरत असाल तर एक तरी फेरी सरकारी बोटीने करा. डेकवर अडीच तास कोणाशी न बोलता काढणं अवघड आहे. मला पहिली ओळख तिथेच मिळाली: केरळची एक नर्स, दोन नोकऱ्यांच्या मधल्या सुट्टीत निघालेली. उडते मासे दिसले की ती अनोळखी माणसाचंही मनगट धरून दाखवायची.

बाकीची टोळी हॉस्टेलवर जमली, आणि ती जमली त्याचं कारण पैसे. बेटावर बऱ्याच गोष्टी माणसागणिक नाही, खेपेगणिक मिळतात. जेट्टीपासून राधानगर किनाऱ्यापर्यंतची टॅक्सी एकाला परवडत नाही, चौघांना सहज परवडते. एलिफंट बीचच्या जंगलवाटेवर गाइड घ्यावा लागतो, तो वाटून घेतलेला बरा. स्कूटर दिवसाला पाचशे-सहाशेच्या घरात, आणि मागची सीट रिकामीच असते. त्यामुळे संध्याकाळी हॉस्टेलच्या ओट्यावर "उद्या कोणी येतंय का" हा प्रश्न आपोआप फिरत असतो. लाजू नका, विचारून टाका. असे आम्ही सहा जण झालो: मी, ती नर्स, बंगळूरची नोकरी नुकतीच सोडलेला एक मुलगा, कोलकात्याच्या दोन मैत्रिणी आणि साठी ओलांडलेले एक फ्रेंच गृहस्थ. डॉर्ममध्ये राहणाऱ्यांत त्यांच्याखालोखाल वयाने मोठी मीच, त्यामुळे पहिल्या संध्याकाळपासून मी सगळ्यांची "दीदी" होते. चाळिसावा वाढदिवस साजरा करायला निघालेल्या बाईने ते मुकाट मान्य करावं.

वाढदिवसाचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. हॉस्टेलच्या पोराने आधार कार्डाची प्रत घेताना तारीख वाचली आणि तासाभरात ती सगळ्यांना ठाऊक झाली. पुढे जाणाऱ्यांनी मात्र माझ्यासारखं गप्प राहू नये. एका माणसाला आधी सांगून ठेवा, कारण इथे कुठलीही गोष्ट आयत्या वेळी मिळत नाही. बेटावर येणारं बरंचसं सामान बोटीने येतं आणि वारा सुटला की बोटच येत नाही. गोविंदनगरच्या बाजारात केक हवा असेल तर आदल्या दिवशी सकाळी सांगा, आणि क्रीमचा नको म्हणा. त्या दमट हवेत क्रीम स्कूटरवर पाच किलोमीटरसुद्धा टिकत नाही.

आमचा केक झालाच नाही, आणि त्याचं श्रेय कोलकात्याच्या मुलींना. हॅवलॉकची बहुतेक वस्ती बंगाली आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना १९५०च्या दशकात इथे जमिनी देऊन वसवलं. राधानगर, गोविंदनगर, कृष्णनगर, श्यामनगर ही गावांची नावं त्यांचीच. आम्ही जिथे माशाचं ताट जेवायचो तिथल्या खानावळवाल्या दीदीशी या दोघी पहिल्या दिवसापासून बंगालीत गप्पा मारायच्या. वाढदिवसाचं कळल्यावर दीदीने केकचा विषयच मोडीत काढला. बंगाली घरात वाढदिवस म्हणजे पायेश, आटवलेल्या दुधातली तांदळाची खीर. मुख्य भूमीवरचे दुधाचे ट्रक इथे येत नाहीत, म्हणून तिने अर्धं दूध पावडरचं घातलं, आणि ते तिने स्वतःहून सांगितलं. रात्री आठला स्टीलचा डबा आमच्या हाती आला. पैसे विचारले तर रागावली. शेवटी फ्रेंच गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांची जेवणं तिच्याकडे आगाऊ सांगून तो प्रश्न सोडवला. हा मार्ग चांगला आहे, लक्षात ठेवा.

पहाटे पावणेपाचला तीन स्कूटर निघाल्या. कालापत्थरचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, सूर्योदयासाठी तोच. रस्ता अंधारा, दिवे जवळजवळ नाहीत, आणि गाई भर रस्त्यात बसलेल्या. ताशी वीस-पंचवीसच्या वर जाऊ नका. हेल्मेट मागून घ्या, देणारा आपणहून देईलच असं नाही. पेट्रोल आदल्या दिवशी भरा, पहाटे पंप उघडा नसतो.

पोचलो तेव्हा आभाळ नुकतं फटफटत होतं. मेणबत्त्या आणल्या होत्या, वाऱ्याने एकही पेटू दिली नाही. मग डबा उघडला, चमचा एकच होता, तो फिरला. गाणं चार भाषांत झालं आणि त्यातलं एकही सुरात नव्हतं. फ्रेंच गृहस्थांचं सगळ्यात लांबलं, कारण त्यांना थांबवायचं कसं हे कोणाला कळेना. सूर्य वर आला तोवर डबा रिकामा झाला होता. किनाऱ्यावर आमच्याशिवाय कोळ्याचं एक कुटुंब आणि दोन कुत्री, बस. हेच रात्री करायला गेलो असतो तर? राधानगरला जीवरक्षक अंधार पडायच्या सुमाराला शिट्ट्या वाजवून सगळ्यांना बाहेर काढतात. किनाऱ्यावर दारू पिण्याला बंदी आहे, शेकोटीही पेटवू देत नाहीत, स्पीकर लावला तर आजूबाजूचेच हाकलतील. हे नियम मला तरी योग्य वाटतात. फुगे आणि कागदी कंदील तर आणूच नका. ते शेवटी समुद्रातच जातात.

वाळूत बसण्याआधी एक सूचना: सँडफ्लाय. डोळ्यांना जेमतेम दिसणारी ही माशी पहाटे आणि तिन्हीसांजेला चावते, आणि खाज आठवडाभर पुरते. पायभर पँट, थेट वाळूऐवजी चटई, उघड्या अंगाला खोबरेल. नर्सबाईंनी सगळ्यांना दरडावून तेल लावायला लावलं. ज्याने ऐकलं नाही तो बंगळूरकर पुढचे चार दिवस पोटऱ्या खाजवत होता.

स्कूबा डायव्हिंग वाढदिवसाच्या दिवशीच करायचं असेल तर सकाळचीच वेळ घ्या. पोहता न येणाऱ्यांनाही प्रशिक्षकाबरोबर किनाऱ्यालगतच्या नेमो रीफ या प्रवाळपट्ट्यावर नेतात. साडेतीन-चार हजारांपासून पुढे दर सुरू होतात. आदल्या रात्री दारू नको, सर्दी असेल तर जाऊच नका (कान मोकळे होत नाहीत), आणि दम्याचा त्रास असेल तर फॉर्मवर खरं लिहा. भरती-ओहोटीची वेळ आधी विचारा. पूर्वेकडचे किनारे उथळ आहेत. ओहोटीला पाणी खूप मागे हटतं आणि पायाखाली नुसते खडक आणि प्रवाळ उरतात. ही वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे काल ज्या वेळी पोहलात त्याच वेळी चार दिवसांनी तिथे गुडघाभर पाणी असू शकतं. प्रवाळावर उभं राहू नका. २०१०च्या उष्ण पाण्यात इथले कितीतरी प्रवाळ पांढरे पडून मेले, जे उरलेत त्यांना आपल्या फिन्सचा (पायात घालायच्या वल्ह्यांचा) मार नको. एक गोष्ट पक्की: शेवटच्या डुबकीनंतर विमानात बसायच्या आधी किमान अठरा तास जाऊ द्या, जमल्यास पूर्ण दिवस.

संध्याकाळ राधानगरला. पश्चिमेकडचा हा किनारा २००४ साली 'टाइम' मासिकाने आशियातला सर्वोत्तम ठरवला होता, २०२०मध्ये त्याला ब्लू फ्लॅग हे स्वच्छ किनाऱ्यांचं मानांकनही मिळालं. गर्दी असते, पण उजवीकडे-डावीकडे पाच मिनिटं चाललं की विरळ होते. मागे समुद्री महुआची उंच झाडं आहेत, त्यांच्या सावलीत दुपारही निघते. पोहायचं मात्र नेमून दिलेल्या भागातच. २०१०मध्ये राधानगरजवळ मगरीच्या हल्ल्यात एका अमेरिकन पर्यटक महिलेचा जीव गेला होता; खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात खरोखरच आहेत. खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ पाण्यात उतरू नका, कोणी कितीही "काही होत नाही" म्हणालं तरी.

अमावास्या जवळ असेल तर रात्रीच्या कयाकचा (वल्हवायच्या छोट्या होडीचा) विचार करा. वल्हं फिरवलं की पाण्यातले सूक्ष्म जीव निळसर चमकतात. मोबाइलमध्ये ते जवळपास येत नाही, तेव्हा तो खोलीवरच ठेवा. चांदण्या रात्री पैसे घालवू नका.

घरच्यांना आधीच सांगून ठेवा की फोन लागणार नाही. चेन्नईहून समुद्राखालून केबल २०२०मध्ये आली आणि बाजारात इंटरनेट बरं चालतं, पण राधानगर-कालापत्थरकडे भरवसा नाही. माझ्या आईने सकाळी सातपासून केलेले फोन मला दुपारी बाजारात पोचल्यावर एकदम दिसले, आणि मग जी बोलणी बसली ती बसलीच. यूपीआयचंही तसंच. एटीएम आहेत, पण मधूनच रिकामे असतात. रोकड पोर्ट ब्लेअरहून आणा.

खर्चाची वही आम्ही एकाच्याच हाती ठेवली, रोज रात्री हिशोब मिटवला. नव्या ओळखीत हे फार बरं पडतं. वाढदिवस ज्याचा त्याने सगळ्यांचा खर्च करायचा हा हट्ट मी धरून पाहिला, पोरींनी हाणून पाडला. बॅकपॅक घेऊन निघालेल्यांचं बजेट काटेकोर असतं. भारी पार्टी दिलीत तर समोरचा अवघडतो. नारळपाणी पाजा, पुरे.

भेट म्हणून कोणी शिंपला किंवा प्रवाळाचा तुकडा हातात ठेवला तर गोड बोलून परत वाळूत टाका. प्रवाळ १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि विमानतळावर बॅगा तपासून ते काढून घेतात. मला मिळालेली भेट म्हणजे दीदीच्या हातची पायेशची कृती, बंगालीत लिहिलेली, खाली कोलकात्याच्या मुलींनी केलेल्या हिंदी खुणांसह.

आणि परतीचं. हॅवलॉकहून सुटणारी बोट आणि पोर्ट ब्लेअरचं विमान एकाच दिवशी ठेवू नका. वाऱ्यापायी बोटी रद्द होतात आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला काढा. सेल्युलर जेलला त्याच दुपारी जा, सुट्टीचा वार आधी विचारून. बोटीवर मूळ ओळखपत्र लागतं, परदेशी मित्र असेल तर त्याचा पासपोर्ट. आमच्या फ्रेंच गृहस्थांनी तो सॅकच्या तळाशी ठेवला होता आणि जेट्टीवर, मागे रांग खोळंबलेली असताना, आम्ही पाच जणांनी मिळून त्यांचे ओले कपडे बाहेर काढले.