माघ-फाल्गुनातला मालवण-वेंगुर्ला किनारा

दक्षिण कोकणात जायचं तर मे महिन्यात नको, माघ-फाल्गुनात जा, असं मी हल्ली भेटेल त्याला सांगतो. मे महिन्यात हापूस मिळतो हे खरं, पण उकाड्याने जीव नकोसा होतो आणि मालवणच्या धक्क्यावर पाय ठेवायला जागा नसते. फेब्रुवारीत पहाटे अंगावर शाल लागते, काजू पिकायला लागलेले असतात आणि समुद्राचं पाणी निवळलेलं असतं.

या निवळलेल्या पाण्यासाठीच आम्ही आधी मालवणला उतरलो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटालगतच्या खडकांवर प्रवाळ आहेत, आणि हा पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. स्नॉर्केलिंगला, म्हणजे तोंडात श्वासाची नळी धरून पाण्याखालचं बघायला, कधी येऊ, असं होडीवाल्याला फोनवर विचारलं, तर तो म्हणाला, अष्टमीच्या आसपास या. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाण्याला ओढ असते आणि तळाची वाळू ढवळते. अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी. शिवाय सकाळी लवकर जायचं, कारण तेव्हा जमिनीवरून मतलई वाहत असते आणि पाणी सपाट असतं. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की लाटा उठतात. त्याचं ऐकलं म्हणून काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे हाताच्या अंतरावर दिसले. प्रवाळावर मात्र पाय देऊ नका. ते जिवंत असतात आणि फार सावकाश वाढतात.

जेट स्की, बनाना राइड वगैरे सगळं तारकर्लीला आहे. हौस असेल त्यांनी करावं. मला खरा आनंद मिळाला तो कर्ली नदीच्या पलीकडे, भोगवे ते निवती पायी फिरताना. निवतीच्या किल्ल्यावर चढलं की भोगव्याची अख्खी पुळण खाली दिसते, आणि हवा स्वच्छ असेल तर दूर समुद्रात वेंगुर्ला रॉक्सवरचं दीपगृहही.

खाली किनाऱ्यावर रापण चालू होती. होडीतून जाळं अर्धवर्तुळात टाकलेलं, त्याची दोन टोकं किनाऱ्यावर आणि दोन्हीकडे ओढणाऱ्यांच्या रांगा. मी बघत उभा होतो तेव्हा एक आजोबा ओरडले, "नुसतो उभो काय रवलस, हात लाव!" मग मीही दोर धरला. ओढायला बराच वेळ लागतो, तळहात सोलतात. जाळ्यात तारली, थोडे बांगडे आणि पुष्कळ जेली फिश आले. वाटणी वाळूवरच झाली. पर्ससीनच्या, म्हणजे खोल पाण्यात माशांचा अख्खा थवा वेढणाऱ्या जाळ्यांच्या, मोठ्या बोटी आल्यापासून किनाऱ्यापर्यंत मासळी पोचतच नाही, असं तिथले सगळेच सांगतात. गावच्या गाव एका जाळ्यावर जगवणारी ही पद्धत टिकावी असं मला मनापासून वाटतं.

वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीला गेलो तो कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले माद्या थंडीच्या रात्री वाळूत अंडी घालतात, एका घरट्यात साधारण शंभर. कुत्री-कोल्ह्यांपासून वाचवण्यासाठी गावकरी ती कुंपणातल्या वाळूत हलवतात आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. ती उचलून पाण्यात सोडत नाहीत, वाळूवरून स्वतः चालू देतात. तळहातापेक्षाही लहान जीव लाटेने मागे फेकला तरी पुन्हा पाण्याकडेच वळतो, हे बघताना माझ्या शेजारची मुलं श्वास रोखून उभी होती. तिथे फ्लॅश आणि टॉर्च कटाक्षाने टाळा, उजेडाने पिल्लं वाट चुकतात. आणि पिल्लं दिसतीलच असा हट्ट धरू नका. निघण्याआधी गावात फोन करून घरटी कधी फुटतील ते विचारा.

मुक्काम गावातल्या घरगुती खोल्यांतच करा. सकाळी घावणे-चटणी, दुपारी तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. रेल्वेने येणार असाल तर कुडाळला उतरा, तिथून मालवण आणि वेंगुर्ला दोन्हीकडे एसटी मिळते. १ जूनपासून मासेमारी बंद होते, पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेणाऱ्या होड्याही थांबतात. त्या दिवसांत यायचं असेल तर किनाऱ्याऐवजी आंबोली घाट गाठा.