ज्यूरीला हसवणारा आरोपी आणि समीक्षकांचा आक्षेप

सिडनी ल्युमेट यांचा 'फाइंड मी गिल्टी' हा चित्रपट २००६ साली प्रदर्शित झाला, तेव्हा बहुतेक समीक्षकांनी अभिनयाची मनापासून तारीफ केली आणि चित्रपटाच्या नैतिक भूमिकेपाशी येऊन मात्र ते अडखळले. त्यांचा आक्षेप थोडक्यात असा, की टोळीतल्या गुन्हेगारांना हा चित्रपट लाघवी करून दाखवतो आणि त्यांना गजाआड करू पाहणाऱ्या सरकारी वकिलाला खलनायकाच्या जागी बसवतो. आक्षेपाचा उत्तरार्ध मला मान्य आहे, पूर्वार्ध नाही.

चित्रपट ज्यावर बेतला आहे तो मूळ खटला न्यू जर्सीतील नेवार्कच्या संघीय न्यायालयात चालला. लुकेसी या माफिया टोळीच्या तिथल्या शाखेतील वीस आरोपींवरची ही सुनावणी जवळजवळ एकवीस महिने चालली आणि ऑगस्ट १९८८ मध्ये ज्यूरीने अवघ्या चौदा तासांच्या विचारविनिमयानंतर सर्वांना निर्दोष ठरवले. जॅकी डिनॉर्सिओ हा त्यांतला एक. अमली पदार्थांच्या दुसऱ्या प्रकरणात तो आधीच तीस वर्षांची शिक्षा भोगत होता, तरीही वकील नाकारून तो स्वतःच उभा राहिला आणि ज्यूरीला हसवत राहिला. चित्रपटातील कोर्टाचे बरेचसे संवाद प्रत्यक्ष कामकाजाच्या नोंदींतून घेतलेले आहेत, हे आक्षेप घेणाऱ्यांनी पुरेसे लक्षात घेतले नाही असे मला वाटते. जॅकीचा गोडवा दिग्दर्शकाने पदरचा घातलेला नाही. तो त्या न्यायालयात खरोखरच चालला होता.

चित्रपटाच्या सुरुवातीला नात्यातलाच टोनी जॅकीवर गोळ्या झाडतो आणि जॅकी पोलिसांना त्याचे नाव सांगत नाही. पुढे हाच टोनी सरकार पक्षाचा साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात येतो आणि त्याची उलटतपासणी जॅकी स्वतः घेतो. त्या प्रसंगी आपणही ज्यूरीच्या बाकावर बसलेलो असतो आणि आरोपांतील खून, खंडणी, अमली पदार्थ हे सारे विसरून या माणसाच्या बाजूचे होऊन जातो. समीक्षकांना जी अस्वस्थता दोष वाटली, तीच माझ्या मते या चित्रपटाची कमाई आहे. मुंबईच्या सत्र न्यायालयात १९५९ साली नानावटी खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी दिलेला निर्दोषत्वाचा कौल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना नेवार्कचा निकाल परका वाटणार नाही.

सरकारी वकिलाबाबत मात्र समीक्षक बरोबर आहेत. लायनस रोचे यांच्या वाट्याला चिडचिड आणि सूडबुद्धी यांपलीकडे फारसे काही आलेले नाही. या टोळीमुळे ज्यांची आयुष्ये उद्ध्वस्त झाली अशा एका तरी माणसाला पटकथेने बोलू द्यायला हवे होते. तसे झाले असते तर जॅकीला हसून दाद देताना प्रेक्षकाला अधिक बोचले असते. ज्यूरी पद्धतीवर १९५७ सालीच 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' करणाऱ्या दिग्दर्शकाकडून ही अपेक्षा अवाजवी नाही.

विन डिझेल यांच्याबद्दल दुमत नव्हतेच. वजन वाढवून, डोक्यावर केसांचा टोप चढवून त्यांनी उभा केलेला जॅकी पाहून रॉजर ईबर्ट यांच्यासारख्या समीक्षकानेही चित्रपटाला चारपैकी तीन तारे दिले. बचाव पक्षाचे प्रमुख वकील झालेल्या पीटर डिंकलेज यांचेही कौतुक झाले आणि ते रास्तच होते. तुरुंगात भेटायला आलेल्या घटस्फोटित पत्नीच्या भूमिकेत ॲनाबेला शिओरा एका प्रसंगात जे करून जातात, त्यासाठी मी हा चित्रपट पुन्हा पाहीन.

एवढे होऊनही प्रेक्षक फिरकले नाहीत. सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने ३० लाखही मिळवले नाहीत. पुढच्याच वर्षी ल्युमेट यांच्या अखेरच्या चित्रपटावर समीक्षकांनी स्तुतीचा वर्षाव केला आणि त्या गजरात हा चित्रपट मागे पडला. डिझेल २००९ मध्ये वेगवान मोटारींच्या मालिकेत परतले, आणि इतक्या मोकळेपणाने बोलणारी, इतकी बारकाव्यांची भूमिका त्यांच्याकडून मला त्यानंतर पाहायला मिळालेली नाही.