पातळ पाण्यातले भोवरे: हॉलंडच्या लॅबमधून बडोदेकरांसाठी

जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ कच्छकडे सरकत होतं तेव्हा बाबांनी दांडिया बाजारातल्या घरून टीव्हीवरच्या सॅटेलाइट चित्राचा फोटो पाठवला, खाली एकच ओळ, "तू तिकडे हेच करतोस ना?" आत्यासकट सगळ्यांचा तोच समज, म्हणून या सुट्टीत बडोद्यात आलोय तर नीट लिहूनच टाकतो.

बाबा, मी बघतो ते पाण्याच्या पातळ थरातले छोटे भोवरे एक होऊन मोठे कसे होतात ते, चक्रीवादळ ते नव्हे. त्याला ताकद मिळते गरम समुद्रावरच्या वाफेतून, वाफेचं वर जाऊन पाणी झालं की उष्णता सुटते त्यातून. माझ्या कामाच्या जवळचा म्हणाल तर गुरूवरचा तो तांबडा डाग, पृथ्वीपेक्षा मोठा, १८३१ पासूनच्या नोंदी आहेत, आणि आसपासचे छोटे भोवरे गिळताना तो दिसलाय.

आमच्याकडे आइंडहोवनमध्ये एक उथळ ट्रे असतो, त्यात काही मिलिमीटर खारं पाणी, खाली चुंबकं, उत्तर-दक्षिण आलटून पालटून लावलेली. पाण्यातून करंट सोडला की चुंबकांच्या वरचं पाणी बाजूला ढकललं जातं आणि छोटे छोटे भोवरे उठतात, पाण्यात सोडलेल्या बारीक कणांवरून कॅमेरा त्यांचा वेग टिपतो. आधी नुसता गोंधळ. मग एकाच दिशेने फिरणारे दोन भोवरे जवळ येतात, एकमेकांभोवती घिरट्या घालतात आणि अंतर पुरेसं कमी झालं की झटकन एक होतात, बाहेर लांबच लांब बारीक शेपट्या फेकत. थोड्या वेळाने मोजकेच, पण चांगले मोठे भोवरे उरतात. कितीही वेळा बघितलं तरी मला तिथून हलावंसं वाटत नाही!

खोल पाण्यात उलटं होतं, तिथे भोवरा ताणला जातो, ताणला की बारीक होऊन आणखी जोरात फिरतो, मोठ्यातून लहान, लहानातून आणखी लहान असं होत होत ऊर्जा शेवटी उष्णता बनून जाते. पातळ थरात भोवऱ्याचा आस उभा, ताणायला जागाच नाही, त्यामुळे पाण्याचा प्रत्येक कण आपलं गरगरणं जवळजवळ तसंच घेऊन हिंडतो. म्हणजे दोन हिशेब एकदम जुळवायचे, एक ऊर्जेचा, दुसरा त्या गरगरण्याच्या वर्गाचा (स्क्वेअरचा), त्याला एन्स्ट्रॉफी म्हणतात. तेवढीच ऊर्जा बारीक भोवऱ्यांत ठेवायची तर एन्स्ट्रॉफी कितीतरी जास्त लागते, ती आणायची कुठून? म्हणून एन्स्ट्रॉफी त्या शेपट्यांमधून बारीक होत जाते आणि ऊर्जा मोठ्या भोवऱ्यांकडे चढते. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेकनन यांनी १९६७ मध्ये हे मांडलं, आणि १९८४ मध्ये मॅकविल्यम्स यांना कॉम्प्युटरवर विस्कळीत प्रवाहातून असे सुटे, टिकाऊ भोवरे आपोआप उगवताना दिसले.

मला मात्र सगळ्यात आवडतात ते शास्त्रज्ञ लार्स ऑन्सागर. एकाच दिशेचे भोवरे झुंड करून राहतील हे त्यांनी १९४९ मध्येच कागदावर दाखवलं होतं, आणि २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन गटांना अतिथंड अणूंच्या द्रवात तशाच झुंडी प्रत्यक्ष मिळाल्या, सत्तर वर्षांनी!

आमची खरी कटकट म्हणजे ट्रेचा तळ. भोवरा मोठा होत जातो तसं तळाचं घर्षणच त्याला खाऊन टाकतं, म्हणून खाली जड खारं पाणी आणि वर हलकं असे दोन थर लावतात, वरचा थर मग बऱ्यापैकी मोकळा वाहतो. घर्षण खरंच कमी पडलं तर वाढ थांबते ती भोवरा ट्रेएवढा झाल्यावर, कारण त्यापुढे जायला जागाच नसते.