तुम्ही पिकरेलच का गरवता?

"एवढ्या थंडीत सव्वा तास गाडी हाकायची, ती पिकरेल नावाच्या ह्या काटेरी माशासाठी?" न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या आमच्या मराठी मंडळींत हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

मी जातो तो बॅट्स्टो तलाव न्यू जर्सीच्या दक्षिण भागात, पाइन बॅरन्स नावाच्या रानात आहे. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. घाण नव्हे ती. सीडरच्या झाडांचं टॅनिन आणि जमिनीतलं लोह त्यात उतरलेलं असतं. त्याच लोहासाठी इथे १७६६ साली भट्टी उभी राहिली होती. पाणी आम्लधर्मी, त्यामुळे बऱ्याच माशांना ते मानवत नाही. चेन पिकरेलला मानवतं. शिवाय गारठ्यानं बास मासा सुस्तावतो, तेव्हाही हा भुकेला असतो. जानेवारीत सगळं रान गप्प असताना गळाचा तंगूस (दोरा) ताणला जातो, त्यासाठी मी जातो.

दिसतोही काय देखणा! हिरव्या-सोनेरी अंगावर साखळीची नक्षी, डोळ्याखाली काजळ ओघळावं तसा काळा पट्टा. आपल्या मरळीसारखा पाणगवतात दबा धरून बसतो. गवताच्या कडेनं चमकता स्पून, म्हणजे चमच्यासारखं धातूचं आमिष, सावकाश ओढत आणायचा. कधी मागे नुसती एक सावली येते, अगदी काठापर्यंत, आणि थबकते. तिथे हात आवरायचा. स्पून डुलत खाली जाऊ लागला की ती सावली बाणासारखी सुटते. तो एक क्षण पाहायला मिळाला की माझा दिवस भरून पावतो.

पहिल्या हिवाळ्यात मी नुसता बारीक तंगूस लावून गेलो होतो. एका मोठ्या माशानं तो दातांनी तोडला आणि माझा स्पून तोंडात अडकवूनच गेला. ते मला आजही लागतं. तेव्हापासून पुढे फ्लुरोकार्बनच्या जाड, चिवट दोऱ्याचा हातभर तुकडा बांधतो, गरीचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाकतो आणि मासा ओल्या हातानंच धरतो.

आता काट्यांचं. मांसात वाय अक्षरासारखे दुफाटी काटे असतात, हे खरं. पण तुकडीला एकमेकींना लागून बारीक चिरा द्या, मीठ-मसाला-आगळ लावा, कडकडीत तेलात तळा. बारीक काटे जिभेला लागत नाहीत. चव गोडसर, स्वच्छ. ज्यांनी काटेरी पाला मासा (हिलसा) खाल्लाय त्यांनी तरी ह्याला नावं ठेवू नयेत.

तरी मी हिवाळ्यात एखाद-दोनच घरी आणतो, तेही फेब्रुवारीच्या आधी. नंतर माद्या गाभोळीनं भरलेल्या असतात. बर्फ सरला की त्या उथळ पाण्यात येतात आणि अंड्यांच्या चिकट माळा गवतावर सोडतात. पोट असं जड लागलं की मी ती मादी सोडण्याआधी गवताच्या कडेला पाण्यात धरून ठेवतो, शेपटी जोरात हलेपर्यंत.