बायकांना अल्झायमर जास्त, मग दुसरं एक्स गुणसूत्र वाचवतं कसं?

अमेरिकेत अल्झायमरच्या रुग्णांपैकी जवळपास दोन तृतीयांश बायका आहेत. त्या जास्त जगतात हे कारण खरं, पण अपुरं. आजार जडल्यावर पुरुषच लवकर दगावतात, हेही त्यासोबत सांगायला हवं.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डॉ. डीना डुबाल यांच्या प्रयोगशाळेने हा गुंता उंदरांवर सोडवायला घेतला. मादीत दोन एक्स गुणसूत्रं (नरात एक एक्स, एक वाय) आणि बीजांडकोशाची संप्रेरकं एकत्रच येतात, त्यामुळे नर-मादीची साधी तुलना काहीच सिद्ध करत नाही. म्हणून वृषण घडवणारं एसआरवाय जनुक वायवरून काढून भलत्याच गुणसूत्रावर बसवलेले नर वापरतात. साध्या मादीशी त्यांचा संकर केला की चार प्रकारची पिल्लं मिळतात: एक्सएक्स किंवा एक्सवाय, आणि दोन्हींत वृषणवालीही, बीजांडकोशवालीही. मोठेपणी ही इंद्रियं काढली की संप्रेरकंही बाजूला. गर्भातल्या संप्रेरकांचा ठसा मात्र पुसता येत नाही.

अल्झायमरशी निगडित मानवी जनुक घातलेल्या अशा उंदरांत एक्सवायवाले लवकर मेले आणि स्मरणातही मागे पडले, मग इंद्रिय कोणतंही असो. २०२० च्या त्या शोधनिबंधात बोट ठेवलं गेलं केडीएम६ए या जनुकावर. मादीच्या पेशीत एक एक्स बंद असलं तरी हे जनुक त्यावरूनही चालू राहतं, म्हणून त्याची मात्रा जास्त. मला हे काम फार मोलाचं वाटतं. पण २०२४ मध्ये या चार प्रकारच्या उंदरांच्या एका प्रचलित वाणात वायला एक्सचा तुकडा चिकटलेला आढळला, म्हणजे एक्स-वायची तुलना गढूळ होऊ शकते. तेव्हा उंदरांची वसाहत उभारण्याआधी जनुकीय तपासणी हवीच.

नाशिकमध्ये घरी आजी-आजोबा असतील तर दुसरीच गोष्ट लक्षात ठेवा. शब्द आठवण्यात बायका सरासरीने पुढे असतात, म्हणून शब्दांची यादी आठवायच्या चाचणीत आजींचा सुरुवातीचा आजार लपतो. गुण वय, शिक्षण आणि लिंग पाहूनच तोलावेत. शाळेत न गेलेल्या पंचवटीतल्या आजींना इंग्रजी तारीख विचारू नका. मराठी महिना, तिथी विचारा, वार उलटे म्हणायला सांगा. माहिती मुलाकडून नको, रोज स्वयंपाकघरात सोबत असणाऱ्या सुनेकडून घ्या: नेहमीच्या भाजीचा क्रम चुकतो का, गॅस चालू राहतो का, रविवार कारंजाहून घरी येताना गोंधळ होतो का. बी१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणी लगेच करा. त्यांच्यामुळे आलेला विसराळूपणा उपचारांनी बऱ्याचदा सुधारतो.